पाडव्याचा भाडेकरू

लग्नाला सहा महिने झाले तरी बद्रीनाथची बायको द्वारका खुलताबादला माहेरीच होती, आणि तिला तिथून आणायची अट एकच होती. ती अट सासरे पुंजाराम यांनी चारचौघांत, सुपारी कातरता कातरता घातली होती.

"जावईबापू, घर भाड्याचं असू द्या, आमचं काय म्हणणं नाय. पण कुणी ऊठ म्हणलं की उठायचं, असलं घर नको. थोरलीचं बघतोय ना आम्ही. चार वर्षांत पाच घरं झाली. कपाटाचे दोन पाय गेले. नातवाला इचारलं, कुठं ऱ्हातो रे बाळा, तर ते म्हणतं, कालपर्यंत का आजपासून?"

अट ऐकायला साधी होती. पण ज्यानं संभाजीनगरात घर शोधलं आहे त्याला ठाऊक असतं, की इथं घरमालक अकरा महिन्यांचा करार करतो आणि दहाव्या महिन्यापासून त्याच्या घरात लग्नं निघायला लागतात. भाच्याचं निघतं, पुतण्याचं निघतं, अगदीच कुणी उरलं नाही तर रंगकाम निघतं.

बद्रीनाथ मूळचा लासूर स्टेशनचा. वडील मोंढ्यात तोलाईला, त्यामुळे घरात शेती नाही. ज्वारी पोत्यातच पिकते अशी त्याची लहानपणीची समजूत होती आणि पुढे ती दुरुस्त करायची वेळ आली नाही. आता तो शेंद्र्याच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. दिवसभर बोल्ट हातात घेऊन, डोळ्यांपुढे फिरवून, "हा चालणार नाही" म्हणायचं, याचा त्याला पगार मिळे. राहायला मुकुंदवाडीत, कॉट बेसिसवर. खोलीत सहा कॉट आणि सात माणसं. सातवा नाइट शिफ्टला होता म्हणून जमत होतं.

संध्याकाळी तो घरं बघायला जाई, तेव्हा घरमालक त्याला डोळ्यांपुढे फिरवत आणि "हा चालणार नाही" म्हणत. तेही फुकट. सिडकोतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी त्याला सतराचा पाढा म्हणायला लावला. सतरा आठेला तो अडखळला आणि ते घर एका तलाठ्याला गेलं. गारखेड्यात खोली फार सुरेख होती, फक्त मालकांच्या न्हाणीचं दार त्या खोलीत उघडत होतं. म्हणजे मालक रोज टॉवेल गुंडाळून भाडेकरूच्या संसारातून जाणार. "आम्ही डोळे मिटून जातो," मालक म्हणाले, "आजवर कुणाची तक्रार नाही." टीव्ही सेंटरच्या सारजाबाईंना बद्रीनाथ पसंत पडला होता. पण आठव्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी भाडेकरूनं गावाला जायचं, अशी त्यांची पद्धत होती. गाव कुठलंही चालेल म्हणाल्या.

अशा वेळी त्याला सांडू एजंट भेटला. सांडूचं ऑफिस म्हणजे त्याची मोटारसायकल. टाकीवर वही, हँडलला शहरातल्या निम्म्या घरांच्या किल्ल्या.

"टेन्शन नको लेव भाऊ," सांडू म्हणाला. "मावेजा कॉलनी में एक मालक है. डिपॉझिट नाय मागत. बस एक माणूस पाहिजे बोलतो."

"कसला माणूस?"

"वो तो मैं भी पूछा. बोला, पाडव्याला पाठव, बघून ठेवतो."

त्या कॉलनीचं कागदोपत्री नाव समृद्धी विहार. शेंद्रा-करमाडकडच्या जमिनी कंपन्यांसाठी गेल्या, त्याचा मावेजा मिळाला, आणि त्या पैशातून ज्यांनी इथं तीन-तीन मजले चढवले ती सगळी मंडळी या एका गल्लीत होती. म्हणून लोक मावेजा कॉलनी म्हणत. प्रत्येक खांबाला ग्रॅनाइट. प्रत्येक दारावर सिंह. आणि आत माणसं अशी बसलेली, की जणू मुक्कामाला आलेत आणि उद्याची पहिली एसटी धरायची आहे.

पाडव्याला बद्रीनाथ इस्त्रीचा शर्ट घालून गेला. घरमालक नानासाहेब पार्किंगमध्ये बाजेवर बसले होते. मोटार बाहेर गल्लीत ताडपत्रीखाली उभी होती, कारण पार्किंगमध्ये बैल होते. दोन. एकाचं नाव मामा आणि दुसऱ्याचं साहेब. दुसरं नाव जमीन गेली त्या वर्षी ठेवलेलं; चाबूक मारताना जीव रमतो, असं नानासाहेब सांगत.

त्यांनी बद्रीनाथचा हात हातात घेतला आणि तळवा दाबून पाहिला.

"लई मऊ हाय."

"क्वालिटीला आहे मी, काका."

"नाना म्हण. तंबाखू खातो का?"

"नाही."

नानासाहेबांना हे आवडलं नाही. "नाय? मंग दुपारच्याला काय करतो?"

"कंपनीत असतो."

"लई जीव टाकतो का कंपनीसाठी?"

"पगारापुरता."

"ह्ये बराबर. खोड काय?"

"म्हणजे?"

"म्हंजी रागीट-बिगीट, चुकार, सांगितल्यावर तोंड फिरवायचं, आसलं काय?"

"नाही नाना. गरीब आहे मी."

"ते दिसतंय. ऱ्हाणार किती दिस?"

हाच तो प्रश्न. "तुम्ही राहू द्याल तितके दिवस."

"आधीचा एकोणीस वर्सं ऱ्हायला," नानासाहेब म्हणाले. "भिकन. लगीन बी म्याच लावून दिलं त्याचं. आता गेला कंपनीच्या गेटवर. टोपी घालतो." आणि ते बैलांकडे बघत बसले.

एकोणीस वर्षं! एकच भाडेकरू! बद्रीनाथला तिथंच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. भिंतीचा रंग अजून बोटाला लागत होता आणि अख्ख्या कॉलनीचं वय चार वर्षांच्या वर नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. क्वालिटीच्या माणसाला दुसऱ्याच्या मालातलाच दोष दिसतो.

भाडं सात हजार ठरलं. करार म्हटल्यावर नानासाहेब दुखावले. "पाडव्याला नारळ देतो मी. मंग कसला करार? आमच्या सात पिढ्यांत माणूस मधीच काढला नाय कुणी." मग त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, आतून ताट आणलं. बद्रीनाथला टिळा लावला. हातात नारळ दिला. डोक्याला पागोटं बांधलं, खांद्यावर नवी घोंगडी टाकली, पायात नव्या वहाणा घातल्या. बद्रीनाथचे डोळे भरून आले. आजवर घर बघायला गेल्यावर त्याला फार तर पाणी मिळालं होतं, तेही विचारून. त्यानं त्याच वेषात बैलांशेजारी उभं राहून मोबाइलवर फोटो काढून घेतला. मनकर्णाबाईंनी काढला. त्यांचं बोट आलं कोपऱ्यात, पण बाकी छान आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दार वाजलं.

"बद्री, उठला का? बैलं वाट बघत्यात."

बद्रीनाथ लगबगीनं खाली गेला. म्हाताऱ्याला एकट्याला झेपत नसेल, हात लावू. शहरात शेजारधर्म उरला नाही म्हणणाऱ्यांची त्याला कीव आली. त्यानं शेण भरलं, पाणी पाजलं आणि दोन्ही बैलांना घेऊन कॉलनीच्या मोकळ्या मैदानाला तीन फेऱ्या मारल्या, कारण नांगराला वावर उरलं नव्हतं आणि बैलांचे सांधे धरत होते. तिथं सकाळी फिरायला येणारी माणसं होती, पायात दहा-दहा हजारांचे बूट. त्यांनी बद्रीनाथकडे पाहिलं आणि मामानं त्यांच्याकडे. शेवटी रस्ता माणसांनी सोडला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा दार वाजलं. चौथ्या दिवशी वाजलं नाही, तो आपला आपणच उठला.

दुसऱ्या आठवड्यात करमाडकडून काळी माती आली, दोन ट्रॉल्या. ती गच्चीवर चढवायची होती. तीन मजले, घमेल्यानं. "वावर नाय तर गच्ची तरी हाय," नानासाहेब जिन्यात उभे राहून म्हणाले, "सिमेंट नुसतं उनात तापवायचं का?" माती चढली. तीवर वाफे झाले. बैलांच्या चाऱ्यासाठी कडवळ पेरलं, म्हणजे हिरवी ज्वारी. पेरल्याबरोबर कॉलनीतली सगळी कबुतरं जेवायला आली. तेव्हा नानासाहेबांनी बद्रीनाथच्या हातात गोफण दिली आणि गोटा कसा फिरवून सोडायचा ते शिकवलं. पहिल्याच रविवारी त्यानं कबुतर सोडून बाकी पुष्कळ काही पाडलं.

त्याच्या मनात अधूनमधून शंका येई. सात हजार देऊन माती वाहायची, हा दर जरा जास्त नाही का? पण तोंड उघडावं म्हटलं की नानासाहेब पाठीवर हात ठेवत आणि म्हणत, "मन लावून ऱ्हाय. तुला कुणी उठवत नाय." आणि हेच तर त्याला हवं होतं. या शहरात हे वाक्य त्याला दुसऱ्या कुणीही म्हटलं नव्हतं.

फोनवर द्वारकानं विचारलं, "मालक कसा हाय हो?"

"देवमाणूस. थांब, पाठवतो तुला." आणि त्यानं पाडव्याचा फोटो पाठवला.

मग तिचाच फोन आला.

"हे पागोटं कुणी दिलं?"

"मालकांनी."

"अन् नारळ? अन् घोंगडी? अन् वहाणा बी?"

"मान केला गं. घरात पाऊल टाकायच्या आधी."

"पाडव्याला?"

"हो. साडेतीन मुहूर्तांपैकी एक."

"अहो," द्वारका अगदी हळू आवाजात म्हणाली, बहुतेक वडील जवळपास होते, "आमच्या सोनाजीला आप्पा दर पाडव्याला हेच देत्यात. तुम्ही घर भाड्यानं नाय घेतलं. त्यानं तुम्हाला सालानं ठेवलं."

बद्रीनाथ पायरीवर बसला. सालगडी म्हणजे काय हे त्याला माहीत होतं, जसं हत्ती म्हणजे काय हे माहीत असतं. पाडव्याला बोली करायची, ती पुढच्या पाडव्यापर्यंत; मालकाच्या शेतात राबायचं, मालकाच्या खोलीत राहायचं. पण आपणच हत्ती आहोत हे कुणी फोनवर सांगेल असं त्याला वाटलं नव्हतं. आता त्याला सगळं लख्ख दिसलं. नानासाहेबांना जन्मात दोनच प्रकारची परकी माणसं ठाऊक होती, एक सोयरे आणि एक सालगडी. भाडेकरू हा प्रकार त्यांनी कधी पाळला नव्हता. बद्रीनाथ सोयरा तर नव्हता.

"पण मी भाडं देतो!"

"हे मात्र नवीनच. सोनाजीनं आप्पांना कधी काय दिलं नव्हतं."

"आत्ता जातो आणि तोंडावर सांगतो."

"काय सांगता? मग त्यो म्हणंल, जा. झालं, तुम्ही पुन्हा कॉटवर अन् मी पुन्हा इथंच. गप ऱ्हावा. रविवारी आप्पांना घेऊन येते मी घर बघायला."

"आप्पा आले आणि त्यांना कळलं तर?"

"ते माझ्यावर सोडा. फक्त तुम्ही त्या वेळी जरा माणसासारखे बसा, खुर्चीवर."

रविवारी ते दोघं अकराला येणार होते. बद्रीनाथनं शर्टाला इस्त्री केली, खुर्चीही पुसून ठेवली. पण रिक्षा मिळाली म्हणून ते दहालाच आले, आणि दहाला कबुतरं आली. गच्चीवरून गोफण फिरली, गोटा सुटला, कबुतरांच्या बराच वरून गेला, गल्लीत उतरला आणि रिक्षातून एक पाय खाली टाकलेल्या पुंजारामांच्या पुढ्यात दोन हातांवर आपटला. पुंजारामांनी पाय पुन्हा आत घेतला. खुलताबादच्या पंचक्रोशीत जावयानं सासऱ्यावर हुंडा, दुचाकी आणि कोर्ट अशा पुष्कळ गोष्टी टाकल्या होत्या. गोटा पहिलाच.

बद्रीनाथ धावत खाली आला तो गोफणीसकट.

"जावईबापू," पुंजाराम म्हणाले, "हातात काय हाय?"

"गोफण."

"क्वालिटीची का?"

तेवढ्यात नानासाहेब हात जोडत पुढे आले. "या पाव्हणं, या. बद्रीची माणसं व्हय? माणूस बरा दिलाय. नांगराला नाय चालायचा, पण शेणात हात हलका हाय."

पुंजारामांनी एकदा बैलांकडे पाहिलं, एकदा जावयाच्या पायातल्या वहाणांकडे. पन्नास वर्षं शेती केलेल्या माणसाला आणखी काही सांगायला लागत नाही. त्यांचा चेहरा सुपारी फुटावी तसा फुटला.

"नाना, आमच्या घरी सालगडी ठेवत्यात. सालगड्याला पोरगी देत नायत. द्वारका, उचल पिशवी. माघारी चल."

"आप्पा, दम धरा जरा," द्वारका म्हणाली. पिशवी तिनं उचलली नाही, उलट रिक्षावाल्याला जा म्हणून खूण केली. डोक्यावर पदर घेतला आणि ती थेट नानासाहेबांपुढे जाऊन उभी राहिली. "नाना, यांना सालानं ठेवलं ना तुम्ही?"

"व्हय. पाडव्याला."

"मग भाडं कशाचं घेता?"

नानासाहेब गडबडले. "गल्लीत समदेच घेत्यात."

"समदे भाडेकरू ठेवत्यात. तुम्ही गडी ठेवला. गडी म्हणलं की घर मालकाचं. दोन पोती ज्वारी. अवसेची सुट्टी. दिवाळीला बाईला लुगडं, पोळ्याला बैलामागं पहिला मान. का इकडं करमाडकडं रीत येगळी हाय?"

"रीत येगळी कशी आसंल?" नानासाहेब म्हणाले. त्यांच्या तोंडावर असं काही पसरलं, की मनकर्णाबाई पदरानं हात पुसत दारातून पुढे आल्या. चार वर्षांत त्यांच्या नवऱ्याशी कुणी बोली केली नव्हती. एजंट बोलत, बँकवाले बोलत, फरशीवाले बोलत, पण नाकाला नाक लावून, रीतीनं, कुणी भांडलं नव्हतं. "दोन नाय, दीड पोतं."

"दोन. अन् गूळ."

"गूळ दिवाळीला."

"संक्रांतीला बी."

"दिला!" नानासाहेब ओरडले. बैलानं मान वर केली. भाडं तिथंच बुडालं आणि त्याच्याकडे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

बद्रीनाथ गोफण हातात धरून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होता. आपला सौदा होताना बैलाला काय वाटत असेल, हा प्रश्न त्याला आजवर पडला नव्हता.

पुंजाराम मात्र अजून वितळले नव्हते. "फुकट झालं म्हणून काय झालं? पुढच्या पाडव्याला सोडलं की पुन्हा रस्त्यावरच."

"थांबा आप्पा. नाना, गड्यानं खाडा केला, म्हणजे एखाद्या दिवशी नाय आला कामाला, तर?"

"भरून द्यायचा. साल झालं की वरचं तितकं दिस राबायचं."

"अन् खाडे भरून देईस्तोवर?"

"गड्यानं जायचं नाय. मालकानं काढायचं नाय. ही रीत हाय."

"बघा हां. पाच माणसांत बोललात." नानासाहेब सोडून तिथं पाच माणसं मोजायची तर एक बैल धरावा लागत होता, पण कुणी हरकत घेतली नाही. "हे सोमवार ते शनिवार कंपनीत जात्यात. कामावर एक रविवारच. म्हंजी आठवड्याला सहा खाडे."

पुंजाराम बोटं मोजायला लागले. एक हात संपला, दुसरा संपला, मग त्यांनी मनात मोजलं. आठवड्याला एक दिवस दिला तर वर्षाचे झाले बावन्न. तीनशे पासष्ट भरायला लागणार सात वर्षं. म्हणजे या पाडव्याला सुरू झालेलं हे साल सात वर्षांनी फिटणार, आणि तोवर या घरातून जावयाला काढायची मालकाला सोय नाही.

"पण रोज पहाटे दोन तास शेणपाणी करतो मी," बद्रीनाथ मधेच म्हणाला. त्याला अन्याय सहन होत नसे. "ते धरलं तर सात वर्षं कशाला, दोन-तीन—"

द्वारकानं त्याच्या नव्या वहाणेवर टाच ठेवली आणि सगळा भार दिला.

"शेणपाणी कामात धरत नायत," ती म्हणाली.

"नायच धरत," नानासाहेब म्हणाले.

"कुठंच धरत नायत," पुंजाराम म्हणाले, आणि त्यांनी स्वतः पिशवी उचलून आत नेली. जाता जाता जावयाच्या खांद्यावर थोपटलं. जावई पदवीधर आहे हे कळल्यावर त्यांनी इतकं थोपटलं नव्हतं.

अशी द्वारका शहरात नांदायला आली. तिनं पहिल्या महिन्यात खिडकीला पडदे लावले, दुसऱ्या महिन्यात तुळस, आणि तिसऱ्या महिन्यात भिंतीत खिळे ठोकले. अख्ख्या संभाजीनगरात मालकाला न विचारता खिळा ठोकणारी ती एकटी भाडेकरीण असावी. खाड्यांचा हिशेब पार्किंगच्या भिंतीवर होता, नानासाहेब रविवार सोडून रोज संध्याकाळी कोळशानं एक रेघ ओढत. बद्रीनाथ कंपनीतून आला की डबा हातात धरून ती भिंत बघत उभा राही. कंपनीत एकही दिवस न बुडवल्याबद्दल त्याला प्रमाणपत्र मिळालं होतं. घरी मात्र तो तालुक्यातला सगळ्यात चुकार गडी होता.

मग कंपनी मेंटेनन्ससाठी आठ दिवस बंद राहिली. बद्रीनाथ आनंदानं म्हणाला, "आठ दिवस सलग काम करतो. तेवढं तरी फिटेल."

"खुळे का काय तुम्ही?" द्वारका म्हणाली. "जा लासूरला आईकडं. आठ दिवस तोंड दाखवू नका इथं."

"आणि नानांना काय सांगू?"

"सांगा, ओव्हरटाइम."

तो पिशवी घेऊन जिना उतरला. नानासाहेब साहेबाची पाठ खाजवत उभे होते. त्यांना कंपनी बंद असल्याचं माहीत होतं. त्याच कंपनीच्या गेटवर असलेल्या भिकननं, त्यांच्या जुन्या गड्यानं, फोन करून सांगितलं होतं.

"कुठं निघाला?"

"ओव्हरटाइमला, नाना. आठ दिवस."

"खाडा पडंल."

"हो."

"मंग जा," नानासाहेब म्हणाले, आवाज जमेल तितका कडक करून. बद्रीनाथ कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते वाट बघत राहिले. मग त्यांनी कोळसा घेतला, भिंतीवर आठ रेघा ओढल्या, मागे सरकून पाहिलं, आणि मनकर्णाबाई स्वयंपाकात आहेत याची खात्री करून आणखी पाच ओढल्या.